नळाचे पाणी ही कोणाची मेहेरबानी नव्हे

(मुक्ताईनगर येथे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, २० मार्च रोजी भरलेल्या बौद्ध बांधवांच्या सभेत एका वकील बंधूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर वाचकांसाठी येथे देत आहोत.)



आजच्या या सभेत नुकतीच धम्मदीक्षा घेतलेली अनेक कुटुंबे आलेली आहेत. त्यांचे मी प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. वडीलधाऱ्यांचा रोष पत्करून, सोयऱ्याधायऱ्यांचे बोल ऐकून आपण हे पाऊल टाकले आहे. त्याचे मोल मी जाणतो. परंतु अभिनंदनाची भाषणे आपण पुष्कळ ऐकली असतील. मी धंद्याने वकील आहे. म्हणून आज मी आपल्याशी एका रुक्ष वाटणाऱ्या विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे नगराचे पाणी, गटार, दिवाबत्ती आणि रस्ता. आजच्या दिवशी हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर असे की आजचा दिवसच मुळी एका नगरपालिकेच्या पाण्याचा दिवस आहे.

२० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले, हे आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु त्या ओंजळीच्या आधी काय घडले आणि नंतर काय घडले, हे सर्वांस ठाऊक नसते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादुर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्या ठरावाचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे अस्पृश्यांस खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले. परंतु तीन वर्षे एकही अस्पृश्य त्या तळ्याकडे फिरकू शकला नाही. कागद दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले.

बाबासाहेब पाणी प्याले ते नगरपालिकेने स्वतःच मान्य केलेला हक्क बजावण्यासाठी. त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या चालल्या, तळे 'शुद्ध' करण्यात आले, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. पुढे डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी दावा लावला. तळे आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तेथे अनादी काळापासून बंदी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा दावा सव्वानऊ वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला, की अशी अनादी रूढी वादी पक्षाने सिद्ध केलेली नाही.

बंधूंनो, या निकालाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जी गोष्ट हजारो वर्षांची म्हणून आपल्या वाडवडिलांच्या माथी मारली गेली, ती न्यायासनापुढे पुराव्यावाचून उघडी पडली. ओंजळभर पाण्यासाठी हिंमत एक दिवस लागली. पण ते पाणी टिकविण्यासाठी सव्वानऊ वर्षे कागद जपावा लागला. महाडचे हे दोन धडे आहेत. पहिला आपण दरवर्षी साजरा करतो; दुसरा विसरतो.

आता आपल्या पूर्वजांचा आणि सार्वजनिक कामांचा संबंध काय होता ते पाहू. गावाची वेस राखणे, सरकारी टपाल व निरोप पोचविणे, सरकारी पाहुण्यांची बरदास्त ठेवणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे वतनाच्या नावाखाली आपल्याच लोकांकडे होती. आजच्या भाषेत बोलायचे तर गावाची निम्मी नगरपालिका आपले आजे-पणजे चालवीत होते. परंतु ज्या गावाचे काम त्यांनी केले त्या गावाच्या विहिरीवर त्यांना घागर लावता येत नव्हती.

हे नगर ज्या संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखले जाते, त्यांच्या मागोमागच्या काळातील चोखोबांची हकीकत आपण ऐकली असेल. मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम करीत असता भिंत कोसळली आणि तीखाली दबून ते गेले, असे परंपरा सांगते. भक्तीत त्यांना मान मिळाला. परंतु ज्या गावकुसाच्या कामात प्राण गेला त्या कुसाच्या आत त्यांचे घर नव्हते. अशा वतनी गुलामगिरीतून आपल्या लोकांना सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली कौन्सिलात वतन सुधारणेचे बिल आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा मात्र व्हावयास १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब आपल्यात राहिले नव्हते.

आणि हे केवळ खेड्यापाड्यातच होते असे नव्हे. आपल्याच खानदेशातील गोष्ट सांगतो. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. चाळीसगाव स्टेशनावर एकही टांगेवाला त्यांना टांग्यातून नेण्यास तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, पण हाकणारा नाही. मग आपल्यापैकीच एकाने, ज्यास टांगा हाकण्याचा सराव नव्हता, लगाम हाती घेतला. नदीवरील फरशीवर चाक दगडात अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा व टांगा नदीत पडले. विलायतेत बॅरिस्टर झालेला, सरकारी समितीचा सभासद असलेला मनुष्य! परंतु सार्वजनिक वाहन, सार्वजनिक रस्ता आणि सार्वजनिक पूल त्याच्यासाठी सार्वजनिक नव्हते. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

ज्याने चाळीसगावास ही जखम सोसली, त्यानेच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून राज्यघटना घडविली. घटनेचे पंधरावे कलम उघडून पाहा. विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते या साध्यासुध्या शब्दांनी ते भरलेले आहे. जगातील मोठमोठ्या घटनांत स्वातंत्र्य, समता असे भारदस्त शब्द सापडतील. विहीर आणि तळे हे शब्द आपल्या घटनेत आहेत, कारण आपल्या देशात समता तेथेच अडून बसली होती. सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा आला. १९७६ साली त्यास नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आणि २०१५ ची त्याची दुरुस्ती यांनुसार विहीर, तळे, नळ, स्मशानभूमी, रस्ता यांचा वापर करण्यास अनुसूचित जातीच्या माणसाला अडविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

नव्याने दीक्षा घेतलेली मंडळी मला एक प्रश्न नेहमी विचारतात: "आम्ही बौद्ध झालो, आता हे संरक्षण जाईल काय?" अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचे संरक्षण जात नाही. १९५६ नंतर केंद्र सरकारच्या सवलती आपल्या लोकांना चौतीस वर्षे नाकारल्या गेल्या, हे खरे. परंतु १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हा भीतीपोटी सरकारी कागदावर जुना धर्म लिहिण्याचे कारण कोणास उरलेले नाही.

आता या नगराकडे वळू. पूर्वीचे एदलाबाद आज मुक्ताईनगर झाले आहे. ग्रामपंचायत होती तिची नगरपंचायत झाली आणि २०१८ साली तिची पहिली निवडणूक झाली. २ डिसेंबर २०२० रोजी राज्याच्या मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. आपणही आपला धर्म बदलला. नावे बदलली हे योग्यच झाले. अपमानाचे नाव एक दिवसही राहू नये. परंतु नाव बदलल्याने वस्ती बदलते काय? पाटीवर समतानगर आणि पाटीखाली उघडे गटार असेल, तर ती पाटी म्हणजे १९२४ च्या महाडच्या ठरावासारखीच आहे. कागदावर तळे खुले आहे, परंतु पाणी अजून तळ्यातच आहे.

नगरपंचायत झाल्याने आपणास काय मिळाले? १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरांच्या कारभारास घटनेत स्थान दिले. बाराव्या परिशिष्टात अठरा विषय आहेत; पाणीपुरवठा, रस्ते, सफाई, झोपडपट्टी सुधारणा, स्मशानभूमी, रस्त्यावरील दिवे, जन्ममृत्यूची नोंद हे त्यांतील काही. सदस्यांच्या जागांत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा आहेत आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाचे एकोणपन्नासावे कलम कामांचे दोन वर्ग करते: करावीच लागणारी आणि इच्छेनुसार करण्याची. दिवाबत्ती, झाडलोट, गटारे, पाणी, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद ही पहिल्या वर्गातली आहेत. 'करावीच लागणारी' या शब्दांवर बोट ठेवा. सभागृहात सदस्य बसलेले असोत वा प्रशासक, हे कर्तव्य चुकत नाही. आपण घरपट्टी भरता, पाणीपट्टी भरता. मग नळ आला म्हणून कोणाचे आभार मानण्याचे आणि गल्लीत दिवा लागला म्हणून कोणाच्या गळ्यात हार घालण्याचे कारण काय?

बंधूंनो, दर पावसाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो की हतनूर धरणाच्या एक्केचाळीस दरवाजांपैकी इतके दरवाजे उघडले. चांगदेवाजवळ तापी आणि पूर्णा यांचा संगम आपल्या उंबरठ्यावर आहे. परंतु नदी जवळ असणे निराळे आणि शुद्ध पाणी घरात येणे निराळे. या दोहोंच्या मध्ये टाकी असते, जलवाहिनी असते, अंदाजपत्रक असते आणि माणसांच्या इच्छा-अनिच्छा असतात. महाडलाही पाण्याची उणीव नव्हती.

मला आलेला एक अनुभव सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. एका लहान नगरातील एक वृद्ध भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांच्या गल्लीतील पाण्याची नळी उघड्या गटारातून गेली होती. नातवास कावीळ झाली होती. मी विचारले, "आजी, तक्रार केली होती काय?" त्या म्हणाल्या, "तीन वर्षं सांगतोय, साहेब." मी म्हणालो, "लेखी?" त्यावर त्या म्हणाल्या, "कागद कशाला? मेंबर आपलाच आहे ना!"

वकील म्हणून मी निराश झालो. तीन वर्षांच्या हालांचा एक चिठोराही नव्हता. इतक्यात त्यांच्या सुनेने पिशवीतून शाळेची एक वही काढली. तिने चार महिने रोज लिहून ठेवले होते: आज नळ किती वाजता आला, पाण्याचा रंग कसा होता, वास होता की नाही, कोणत्या घरात कोण आजारी पडले. सातवी शिकलेली ती मुलगी. कायद्याच्या महाविद्यालयात पुराव्याचा कायदा मी शिकलो, पण पुरावा कसा गोळा करावा हे तिने कोणी न शिकविता ओळखले होते. त्या वहीच्या आधारे आम्ही अर्ज केला, गल्लीतील सर्व घरांच्या सह्या घेतल्या. त्यांत दोन घरे मुसलमानांची होती आणि एक कोळ्याचे. अर्जाची पोच घेतली, माहितीच्या अधिकारात कागद मागितले. काम व्हावयास अकरा महिने लागले. मध्यंतरी 'आपला' म्हणविणारा तो मेंबर त्या घरावर रागावून बसला. पण नळी गटारातून निघाली. पोराला आधीच जे सोसावे लागले ते मात्र कोणत्याही कागदाने भरून निघाले नाही. कागद तीन वर्षांपूर्वी केला असता तर कदाचित ते टळले असते.

या अनुभवावरून मला आपल्याच लोकांस दोन कठोर शब्द सांगावेसे वाटतात. राखीव जागेवर आपला मनुष्य निवडून आला की आपण निश्चिंत होतो. तो आपला आहे म्हणून त्याला जाब विचारीत नाही. आणि जाब विचारणारा कोणी नाही म्हणून तोही आपला राहत नाही. दुसरे असे, की निधीची गोष्ट निघाली की आपण प्रथम कमान मागतो, मग सभामंडप मागतो, आणि गटार शेवटी मागतो. बाबासाहेबांच्या नावाच्या कमानीखालून सांडपाणी वाहत असेल तर त्या कमानीने त्यांचा गौरव होत नाही.

आणखी एक गोष्ट. आपली गटारे उपसणारा सफाई कामगार आपल्या दारात पाणी मागतो तेव्हा त्याला कोणत्या भांड्यात पाणी देता, याचा प्रत्येकाने घरी जाऊन विचार करावा. चवदार तळ्याचे वारस म्हणविणाऱ्या घरात निराळा पेला असेल तर ती बुद्धाच्या धम्माशी प्रतारणा होय.

काही जण म्हणतील, धम्म म्हणजे वंदना, शील, ध्यान. नळ-गटाराचा धम्माशी काय संबंध? यास उत्तर तथागतांनीच दिलेले आहे. जे बागा व वने लावतात, पूल बांधतात, पाणपोया आणि विहिरी करतात, निवारा देतात, त्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढत जाते, असा उपदेश संयुक्त निकायात आहे. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत विहिरी खोदल्याचे, रस्त्यांवर झाडे लावल्याचे आणि माणसांच्या तसेच जनावरांच्या औषधोपचारांची सोय केल्याचे कोरून ठेवले. जनावरांनाही त्याच्या विहिरीवर पाणी होते. पुढे याच देशात माणसांना विहिरीवर बंदी झाली. आणि महापरिनिर्वाण सूत्रात वज्जींच्या गणराज्याविषयी तथागतांनी काय सांगितले? ते वारंवार एकत्र जमतात, एकमताने विचार करतात आणि एकमताने उठून काम करतात, तोवर त्यांची उन्नतीच होईल, अवनती होणार नाही. वस्तीची नियमित सभा भरविणे हे तथागतांनी वाखाणलेले कृत्य आहे.

येथे एक सावधगिरीची सूचना. आपण निराळी टाकी, निराळा नळ, निराळी स्मशानभूमी मागू नये. तुम्हाला तुमची विहीर देतो, मग आमच्या विहिरीवर येऊ नका, ही जुनीच युक्ती आहे. १९३२ च्या नोव्हेंबरात गोलमेज परिषदेला जाताना बाबासाहेबांनी आगबोटीवरून ठक्करबाप्पांना पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणाचे काम करणाऱ्यांनी प्रथम अस्पृश्यांना गावच्या विहिरीचा, शाळेचा, सार्वजनिक वाहनांचा नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम हाती घ्यावी, असे त्यांनी बजावले होते. आपणास हवे आहे ते सर्वांच्या टाकीतले, सर्वांच्याइतके आणि सर्वांच्या वेळी येणारे पाणी. जेथे सर्वच गल्ल्यांचे हाल असतील तेथे सर्वांसह उभे राहावे. जेथे केवळ आपलीच गल्ली वगळली जात असेल तेथे ते भेदभावाचे प्रकरण म्हणून लढवावे. हा फरक ओळखावयाचा तर आधी शेजारच्या गल्लीत जाऊन पाहावे लागेल.

आता प्रत्यक्ष काय करावे ते थोडक्यात सांगतो. पहिले, घरात मूल जन्मले की एकवीस दिवसांच्या आत त्याची नोंद करा. मुदत टळली तर विलंब शुल्क, मग वरिष्ठांची परवानगी, वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी पायपीट वाढत जाते. दुसरे, तोंडी तक्रार करू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि ती प्रत दीक्षेच्या फोटोइतकीच जपून ठेवा. तिसरे, जन्माचा दाखला, नळजोडणी यांसारख्या अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दिलेला आहे. मुदत टळली तर अपील करा. चौथे, आपल्या वस्तीच्या नावावर किती खर्च पडला हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचे शुल्क आणि तीस दिवसांची मुदत आहे; दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास शुल्कही नाही. आणि पाचवे, प्रत्येक गल्लीत एक वही ठेवा. ती वही घरातील सुनेच्या किंवा मुलीच्या हाती द्या, कारण पाणी भरते ती आणि पाण्याचे खरे तीच जाणते.

बंधुभगिनींनो, दीक्षाभूमीवर आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या असोत किंवा येथल्या विहारात घेतल्या असोत, त्यांत सर्व माणसे समान आहेत असे आपण मानले आहे. ही प्रतिज्ञा विहारात उच्चारणे सोपे आहे. ती नगरपंचायतीच्या खिडकीशी, हातात अर्ज धरून, आवाज न चढविता आणि मान न वाकविता उच्चारावयाची आहे. महाडास आपल्या वाडवडिलांनी तळ्याची पायरी उतरण्याचे धैर्य दाखविले. आपल्याला त्या मानाने कार्यालयाची पायरीच चढावयाची आहे. उद्या कार्यालय उघडेल तेव्हा या सभेतील निदान एका गल्लीचा अर्ज तेथे दाखल झालेला असावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

जय भीम! नमो बुद्धाय!